लोहाऱ्याचे जंगल आणि हिवाळा

कोळशाची खाण कशी असते हे आपल्या चंद्रपूरच्या पोरांना सांगायला नको. मोहर्लीला जाताना पद्मापूर खाणीचे मातीचे डोंगर सगळ्यांनी पाहिले आहेत. आधी झाडे तोडतात, मग सुरुंग लावून वरची माती-दगड उकरतात, तेव्हा कुठे खाली कोळसा लागतो. अशीच खाण मूल रस्त्यावरच्या लोहाऱ्याच्या जंगलात व्हायची होती. २००९ साली चंद्रपुरात त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले, लोक उपोषणाला बसले. शेवटी केंद्र सरकारने खाणीला परवानगी दिली नाही.

पुष्कळ जण विचारतात, ताडोबा तर राखीव आहे ना? मग बाहेरचे जंगल गेले तर काय बिघडले? ताडोबाचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा, तो काय कमी आहे? हा हिशेब उन्हाळ्यात पटतो. तेव्हा नाले आटतात आणि जनावरे बारमाही पाण्याजवळ गोळा होतात. पण पावसाळा संपला की नाल्याला, बोडीला, तलावाला सगळीकडे पाणी असते, गवत कमरेएवढे वाढलेले असते. मग चितळ, सांबर, गवे पांगतात, आणि त्यांच्या मागे वाघही. आईपासून वेगळा झालेला तरणा वाघ तर नवी जागा शोधत कितीही दूर जातो. टिपेश्वरहून निघालेला एक वाघ २०१९ च्या डिसेंबरात ज्ञानगंगेला पोहोचला. यवतमाळ कुठे आणि बुलढाणा कुठे! वाटेतले जंगल तुटले तर असा वाघ शेतातूनच जाणार.

अस्वलाचे तर मला फार नवल वाटते. अस्वलीण हिवाळ्यात खडकाच्या कपारीत पिले देते. पिलांचे डोळे मिटलेले असतात. दोन-तीन महिन्यांनी ती आईच्या पाठीवर बसून बाहेर पडतात. तेव्हा बोरे पिकलेली असतात आणि वारुळेही असतात, म्हणजे खायची सोय झाली. आता त्या कपारीजवळ रोज सुरुंग उडू लागले तर ती कुठे जाईल?

जवळच जुनोन्याचा तलाव आहे. आपल्याकडच्या तलावांवर थंडीत हिमालयापलीकडची बदके येतात, चक्रवाकही येतो. तलावाला पाणी येते ते भोवतालच्या जंगलातून मुरत मुरत. खाणीत मात्र साचलेले पाणी सतत उपसून फेकावे लागते, आणि आजूबाजूच्या विहिरी खाली जातात.

माझे बाबा म्हणतात, "तुम्हाले अस्वल दिसते, मले माहा हरबरा दिसते." त्यांचेही खोटे नाही. थंडीभर ते रानडुकरांसाठी जागलीला जातात. खाण झाली असती तर घरात एक नोकरी आली असती, असेही ते म्हणतात. पण खाण आली म्हणून जनावरे जातात असे काही नाही. दुर्गापूर-ऊर्जानगरला एकीकडे खाणी, दुसरीकडे वीज केंद्र, तरी २०२२ साली तिथे वाघाने आणि बिबट्याने माणसे मारली. खाणीजवळच्या झुडपांत ती राहतातच. हे मी बाबांना सांगितले. ते म्हणाले, "हे बराबर हाय," आणि काठी-बॅटरी घेऊन शेतावर गेले.

लोहारा वाचले तरी प्रश्न मिटला नाही. २०२० साली लिलावाच्या यादीत चिमूर भागातल्या बंदर खाणीचे नाव आले होते. ते त्या वेळी वगळले. तेही ताडोबाच्या जनावरांच्या वाटेवरचेच जंगल आहे.