जमिनीतली नाणी आणि मेटल डिटेक्टर : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

मार्च २०२५ मध्ये बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या असीरगड किल्ल्याच्या परिसरात लोकांनी रात्री जागून शेते उकरली. ‘छावा’ चित्रपट १४ फेब्रुवारीला प्रदर्शित झाला होता. बऱ्हाणपूर हे मोगलांचे श्रीमंत शहर, तिथे त्यांची टांकसाळ होती आणि १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने त्या शहराच्या पेठा लुटल्या, हा इतिहास पडद्यावर पाहून लोक घरी आले होते. त्यातच महामार्गाच्या कामातली माती एका शेतात टाकली आणि तिच्यात सोन्याची नाणी निघाली, अशी बोलवा उठली. मग काय, टॉर्च, फावडी, चाळण्या आणि काहींच्या हाती मेटल डिटेक्टर. चित्रफिती देशभर फिरल्या, पोलीस आले आणि शेतांत खड्डे उरले.

विलेपार्ल्याच्या माणसाला हे दूरचे वाटेल, पण तसे नाही. पार्ल्यात जुने बंगले आणि दुमजली चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. पन्नास-साठ वर्षे कुणी हात न लावलेली जमीन पायासाठी खोल खणली जाते आहे. आणि पार्ले ज्यावर वसले आहे ते साष्टी बेट जुने आहे. पार्ल्याच्या एका हाकेवर अंधेरीची महाकाली, म्हणजे कोंडिविट्याची लेणी आहेत, पुढे जोगेश्वरी आणि मग कान्हेरी. सहाव्या शतकातल्या कलचुरी कृष्णराजाची चांदीची नाणी मुंबई आणि साष्टी बेटांवर सापडल्याच्या नोंदी आहेत. त्याचीच तांब्याची नाणी घारापुरीलाही मोठ्या संख्येने मिळाली. तेव्हा पार्ल्याच्या मातीत जुने नाणे निघू शकते, हे खरेच आहे. खोटे आहे ते त्याभोवती जमलेले बाकीचे बरेचसे.

पहिला समज यंत्राविषयी. डिटेक्टर जमिनीच्या पोटात डोकावतो आणि खाली काय आहे ते सांगतो, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याच्या टोकाच्या थाळीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडला, की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते धातूच्या तुकड्याला भिडले की त्या तुकड्यात छोटे गोल फिरणारे विद्युतप्रवाह उठतात, त्यांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र बनते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. क्षेत्राची ताकद अंतराबरोबर झपाट्याने घटते. त्यामुळे एकटे नाणे एरवी वीतभर, फार तर दीड वीत खोलीपर्यंतच सापडते. मॉलच्या दारात पहारेकरी अंगावरून फिरवतो ते यंत्र तर काही सेंटिमीटरच्या पलीकडचे ओळखत नाही. मोठा हंडा असेल तर अधिक खोलवरून आवाज येतो, पण तो हंडा आहे की गटाराचे झाकण, हे यंत्र सांगत नाही.

सोने वेगळे ओळखणारे यंत्र हवे, अशी मागणी हमखास होते. बारीक सोन्याचा तुकडा आणि अॅल्युमिनियमच्या पन्नीचा चोळामोळा यंत्राला बहुधा सारख्याच सुरात ऐकू येतात. पन्नीचा आवाज बंद करा अशी सोय केली, तर सोनेही गप्प बसते. चांदी उत्तम वाहक, म्हणून तिचा सूर स्वच्छ. महाराष्ट्राचा विचार करता याचा अर्थ गंभीर आहे, कारण सातवाहनांची बहुसंख्य नाणी शिशाची आणि पोटीनची, म्हणजे तांबे-कथलाच्या मिश्रधातूची. ही छोटी, झिजलेली, मंद आवाजाची नाणी यंत्रवाला ‘कचरा’ म्हणून ओलांडून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त.

शिवाय इथली जमीन. अंधेरीचा गिल्बर्ट हिल हा सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या काळ्या कातळाचा खांब. तोच कातळ पार्ल्याच्या खाली आहे. या दगडात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असते आणि त्याची झीज होऊन झालेली माती यंत्राला सतत खोटे इशारे देते. त्यावर शंभर वर्षांचे बांधकाम : खिळे, सळ्यांचे तुकडे, पत्रे, बाटल्यांची बुचे. पाडलेल्या इमारतीच्या जागेवर डिटेक्टर फिरवला, तर तो थांबायचेच नाव घेत नाही.

जुहूच्या वाळूत तरी? ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहते, म्हणून साधे यंत्र तिथे गोंधळते. खाऱ्या पाण्यासाठी वेगळ्या पद्धतीची यंत्रे असतात, पण त्यांनाही मिळते ते चालू काळातले : नाणी, अंगठी, डब्यांची झाकणे. आणि विसर्जनानंतर खाडीत दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी मुले दिसतात, त्यांच्याकडे पाहून कुणाला जुनी नाणीही अशीच निघतील असे वाटत असेल, तर तेही चूक. चुंबकाला चिकटतात ती अलीकडची स्टेनलेस स्टीलची नाणी. सोने, चांदी, तांबे, शिसे चिकटत नाही. गंमत म्हणजे १९४७ चा रुपया चिकटतो, कारण तो निकेलचा होता.

मैलभर अंतरावरून, शंभर फूट खोलीवरून सोने दाखवणारे ‘लाँग रेंज’ यंत्र मात्र निव्वळ फसवणूक आहे आणि याबद्दल भीड बाळगायचे कारण नाही. मुठीत धरायची, टोकाला एरियलसारखी दांडी असलेली ही उपकरणे. अशाच बनावटीचे एक ‘बॉम्बशोधक’ एका ब्रिटिश माणसाने इराकला विकले. आत चालणारा एकही भाग नव्हता. २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. त्या उपकरणाचे मूळ होते हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याचे खेळणे. पाणाड्याची फांदी आणि ही दांडी एकाच जातीच्या.

आता कायदा. इथे दोन परस्परविरोधी समज एकाच चौकात नांदतात : ‘सापडले ते आपले’ आणि ‘सांगितले की सरकार सगळे फुकट घेऊन जाते’. दोन्ही चुकीचे.

भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही दडलेली मौल्यवान वस्तू म्हणजे निधी. तिची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल (हा आकडा तेव्हापासून तसाच आहे), तर सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे आणि वस्तू सरकारी तिजोरीत जमा करायची किंवा हमी द्यायची. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतो, हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देतो. गेल्या शंभर वर्षांत आपल्या माणसानेच ते पुरले, असे कुणी सिद्ध करू शकले नाही तर निधी बेवारस ठरतो. मग जागामालक आणि सापडवणारा यांच्यात आधी करार नसेल आणि वाद नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा. म्हणजे पाया खणणाऱ्या मजुराचा वाटा मालकापेक्षा मोठा. हे मजुरांना क्वचितच माहीत असते आणि ते त्यांना कुणी सांगतही नाही, ही खरी खंत आहे. सरकारला निधी हवा असेल, तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन तो घेता येतो. लपवले तर वाटा जातो आणि वर एक वर्षापर्यंतचा तुरुंगवास, दंड किंवा दोन्ही.

हा कायदा अवचित सापडलेल्या वस्तूचा आहे. मुद्दाम खणायला निघालेल्याला दुसरे कायदे आडवे येतात. संरक्षित स्मारकाच्या जागेत परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने पक्की झाली. महाकाली आणि जोगेश्वरी दोन्ही याच कक्षेत येतात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू असते, आणि ती खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या भावाला भेट म्हणून पाठवलेले सातवाहन नाणेही त्यात येते.

‘पण इंग्लंडमध्ये चालते की!’ हे वाक्य चित्रफिती पाहणाऱ्यांच्या तोंडी असते. तिथेही जमीनमालकाची परवानगी लागते, संरक्षित स्थळी यंत्र नेता येत नाही आणि १९९६ च्या कायद्यानुसार निधी चौदा दिवसांत कळवावा लागतो. तिथल्या चांगल्या उदाहरणात माणूस काय करतो ते पाहण्यासारखे आहे. २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ एकाच्या डिटेक्टरने आवाज दिला. थोडे उकरल्यावर मडक्याचे तोंड दिसले. त्याने हात थांबवले आणि पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी मडके थराथराने रिकामे केले : ५२,५०३ रोमन नाणी. सर्वांत नवी नाणी वरच्या थरात नव्हती, त्यातली बरीचशी खोलवर होती. त्यावरून कळले की हे वर्षानुवर्षे भरलेले बचतीचे मडके नव्हते, जवळजवळ सगळा ऐवज एकाच वेळी त्यात ओतला गेला. मडके घाईत उपडे केले असते तर नाणी तेवढीच मिळाली असती, पण हे कळले नसते.

हाच मुद्दा आपल्याकडे त्याहून ठसठशीत आहे. पश्चिम रेल्वेने पार्ल्याहून विरार गाडी पकडली, की नालासोपारा लागते. तिथला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा उंचवटा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उघडला. आत स्तूप, स्तूपात दगडी करंडा, त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, सोन्याची फुले, मातीच्या भांड्याचे तुकडे आणि भोवती बुद्धाच्या आठ मूर्ती. सोबत होते चांदीचे एक नाणे, न झिजलेले, यज्ञश्री सातकर्णीचे. ते दुसऱ्या शतकाच्या अखेरीकडे बोट दाखवते. मूर्ती मात्र शैलीवरून आठव्या-नवव्या शतकाच्या मानल्या जातात. म्हणजे स्तूप बांधल्यानंतर शतकांनी कुणीतरी श्रद्धेने पुन्हा उघडला असणार. बाजारात हेच नाणे सुटे आले असते, तर ‘सातवाहन, चांदी, दुर्मीळ’ एवढ्या तीन शब्दांत संपले असते.

आणि जोगळटेंभी. नाशिकजवळच्या या गावात १९०६ मध्ये चांदीची सुमारे १३,२५० नाणी निघाली, सगळी क्षहरात राजा नहपानाची. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ती तपासली आणि एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात मांडली. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच दुसरा ठसा मारलेला होता, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा नायनाट केल्याचे कोरले आहे. ती राजस्तुतीची अतिशयोक्ती असे कुणी म्हणू शकले असते. हजारो नाण्यांवरच्या ठशांनी तो प्रश्न मिटवला. हा पुरावा नाण्यांच्या प्रमाणात आहे, किती ठशाची आणि किती बिनठशाची यात. निम्मी सोनाराच्या मुशीत गेली असती तर तो उरला नसता. अशा साठ्यांतून किती वितळले, याचा हिशेब कुठेच नाही.

वाशीम भागातल्या तऱ्हाळ्याच्या १९३९ मधल्या पोटीन नाण्यांनी तर पुराणांच्या यादीत न सापडणारे सातवाहन राजे पुढे आणले. धातूच्या भावाने त्या नाण्यांना फारसे मोल नव्हते.

किमतीबद्दल थोडक्यात. जुने म्हणजे महाग, हे खरे नाही. साधी झिजलेली शिवराई काही शे रुपयांत मिळते. १८६२ साल छापलेला व्हिक्टोरियाचा रुपया १८७४ पर्यंत त्याच सालाने पाडला जात होता, म्हणून तो भरपूर आहे. रामदरबार किंवा हनुमान कोरलेले, ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ लिहिलेले नाणे कंपनीने कधीच काढले नाही. ती देवस्थानी विकली जाणारी पदके. जुनी नाणी लाखांत विकत घेतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने येणाऱ्या फोनबद्दल बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला. तांदूळ स्वतःकडे ओढतो असे सांगून ‘इरिडियम’चा चमत्कारी तांब्या (लोटा) विकण्याचा धंदा याहून घातक : दिल्लीत २०१८ मध्ये पकडलेल्या बाप-लेकांनी अंतराळ संस्थेच्या नावाने एका व्यापाऱ्याला सुमारे १ कोटी ४३ लाखांना बुडवले होते. इरिडियम तांदूळ ओढत नाही. कुठलाच धातू ओढत नाही.

गुप्तधनावर नाग बसतो, ते पायाळू माणसाला दिसते, या समजुतींनी माणसांचे जीव घेतले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये नाव घेऊन आहेत. शिक्षा सात वर्षांपर्यंत. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या डौंडिया खेड्यात एका साधूच्या स्वप्नावरून हजार टन सोन्यासाठी खणले गेले. निघाली खापरे आणि लोखंडाचे तुकडे.

विलेपार्ल्याला या विषयात अभिमान वाटावा असे काही आहे. साठ्ये महाविद्यालयाचा प्राचीन भारतीय संस्कृती विभाग मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागासोबत साष्टी बेटाच्या पाहणीत सहभागी झाला. त्या अभ्यासकांनी गावठाणे, देवळांची आवारे, आरेचे पाडे पायी पालथे घातले, लोकांशी बोलले आणि वीरगळ, गधेगळ, मंदिरांचे अवशेष नोंदवले. डिटेक्टर लागला नाही, कुदळही लागली नाही.

पार्ल्यात पायाच्या खड्ड्यात नाणे दिसले, तर काम तिथे थांबवावे. शेजारी पट्टी ठेवून जागेवरच फोटो काढावा, खोली मोजावी, आजूबाजूची खापरे हलवू नयेत. चिंच, लिंबू, राख लावून नाणे घासू नये; त्यावरचा थर गेला की अक्षरेही जातात आणि बाजारातली किंमतही. काय सापडले, अंदाजे किती किमतीचे, कुठे आणि कोणत्या दिवशी, एवढे चार मुद्दे लिहून तो अर्ज बांद्रा पूर्वेला, चेतना महाविद्यालयाजवळच्या मुंबई उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा आणि पोचपावती घ्यावी. अर्जावर ज्या मजुराच्या कुदळीला नाणे लागले, त्याचे नाव सापडवणारा म्हणून घालावे.