दाण्याला फेरे कळत नाहीत

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या एका राइस मिलमध्ये धानाचा हंगाम ऐन भरात होता. मिलच्या मिस्त्रींनी यंत्राखाली पडलेला मूठभर माल माझ्यापुढे धरला. तूस न निघालेलं धान त्यात बरंच दिसत होतं. "भाऊ, मोटार तर बरोबर आहे," ते म्हणाले.

मोटारीच्या पाटीवर 1440 हा आकडा होता. चंद्रपूरच्या ऊर्जानगरातल्या वीज केंद्रातली टर्बाइनं मिनिटाला 3000 फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला 50. आपल्या विजेचे 50 हर्ट्झ ते हेच. चार ध्रुवांची ही मोटार त्याच्या निम्म्याला, 1500ला, किंचित मागे राहून फिरते. मोटारीची पुली 7 इंची, तूस काढणाऱ्या दोन रबरी रोलांपैकी जलद रोलाची 10 इंची. पट्टा सरकला नाही तर जलद रोलाचे मिनिटाला 1008 फेरे व्हायला हवेत. टॅकोमीटर लावला, तर साधारण तेवढेच भरले. मंद रोलाचे 780.

मग धान का राहतं? दाण्याला फेरे कळत नाहीत. दोन रबरांच्या फटीत सापडल्यावर एक बाजू पुढे ओढली जाते, दुसरी मागे राहते आणि तूस सुटतं. दाण्याला कळतो तो दोन पृष्ठांच्या वेगांतला फरक. तो काढायचा तर आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, सोडून रेडियनकडे यावं लागतं. त्रिज्येइतक्या लांबीचा कंस केंद्राशी जो कोन करतो तो एक रेडियन. पूर्ण फेऱ्यात असे 6.28. म्हणून आरपीएमला 9.55ने भागलं की सेकंदाचे रेडियन मिळतात. घड्याळाचा सेकंदकाटा म्हणजे नेमका एक आरपीएम, सेकंदाला 0.105 रेडियन. हे मला इथे आठवलं, कारण समोरच्या पोत्यांत एचएमटी होतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेल्या या बारीक वाणाला घड्याळाचंच नाव मिळालं आहे.

जलद रोल 105.5 रेडियन, मंद 81.7. रेडियनची खरी सोय पुढे आहे: त्रिज्येने गुणलं की थेट सेकंदाचे मीटर हाती येतात. नवे रोल 254 मिलिमीटर व्यासाचे, तेव्हा वेग 13.4 आणि 10.4, फरक 3 मीटर. पण जलद रोल जास्त झिजतो. मोजला तर तो 220वर आला होता, मंद 240वर. वेग 11.6 आणि 9.8. फरक जेमतेम 1.8 मीटर उरला होता, आणि टॅकोमीटर मात्र तेच 1008 दाखवत होता.

मिस्त्रींनी हे गणित मांडलं नाही. रबरावरून अंगठा फिरवला, मिल थांबवली आणि रोलांची अदलाबदल केली. मोठा रोल आता जलद दांड्यावर गेला: 12.7 आणि 9, फरक 3.7. फट त्यांनी आधी थोडी सैल ठेवली, बारीक दाण्याची कणी होऊ नये म्हणून. मिल सुरू झाली. पहिली मूठ त्यांनी दाराकडच्या उजेडात नेली आणि बोटाने दाणे वेगळे करत मोजू लागले.