शब्द साधे, अर्थ वेगळा

मैत्रिणींनो, 'नाकी नऊ आले' म्हणताना आपण नाकावर काही मोजत नाही. इंग्रजीचंही तसंच असतं. बँकेत कुणी म्हणालं, "खातं रेडमध्ये गेलंय," तर समजायचं, शिल्लक उणे झाली. पूर्वी हिशेबाच्या वहीत तूट लाल शाईनं लिहीत, त्यावरून हे आलं. 'रेड टेप' म्हणजे कागदपत्रांच्या नियमांत अडकलेलं काम. इंग्लंडात सरकारी कागद लाल फितीनं बांधत, म्हणून हे नाव. 'ब्लँक चेक दिला' म्हणजे हवं ते करायची मोकळीक दिली. गटाच्या कोऱ्या चेकवर आपण सही केली, तर खरोखर तेच होतं! म्हणून सहीआधी विचारूया, "साहेब, याचा अर्थ मराठीत सांगा." विचारण्यात कसला कमीपणा?