होडीवरचे खोपट

कर्जत म्हटले की मुंबईकर वाचकांना लोकलगाडी आणि बटाटेवडा आठवतो. आमचे कर्जत ते नव्हे. आमचे कर्जत पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, पावसाची वाट पाहण्यात ज्याचे निम्मे आयुष्य जाते अशा मुलखात आहे. अशा कोरड्या गावच्या मराठीच्या प्राध्यापकाने बदके पाहण्यासाठी होडीवर खोपट बांधायला घेतले, तेव्हा स्टाफरूममध्ये जो हशा पिकला तो अजून माझ्या कानात आहे.

पण तालुक्याच्या सीमेवर भीमा आहे. सिद्धटेकचा सिद्धिविनायक तिच्याच काठी. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि यशवंतसागराचे पाणी काठच्या शिवारांत पसरले. गेलेल्या जमिनींची आठवण आजही काठावर निघते. पण त्याच उथळ पाण्यावर थंडीत रोहित, पट्टकादंब हंस, थापट्या, तलवार बदके आणि चक्रवाक उतरतात.

हा चक्रवाक मी वर्गात कितीतरी वर्षे शिकवला. दिवसा जोडीने राहणारे आणि रात्री ताटातूट होऊन नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांना साद घालणारे ते संस्कृत कवींचे लाडके जोडपे! गेल्या वर्षी असाच रंगात आलो असता मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही पाहिलेत का? आमच्या पाण्यावर तर ती रात्रीसुद्धा जोडीनंच असतात." मुलगी काठच्या गावची, होडीवाल्याची. मी घसा साफ केला. पाहिले नव्हते.

तिच्या वडिलांना मी मामा म्हणू लागलो तो त्याच आठवड्यापासून.

त्यांची होडी सपाट बुडाची. तिच्यावर बांबूच्या पाच कामट्या वाकवून बसवल्या, वर चिखलात बुडवून वाळवलेले गोणपाट ताणले आणि त्यात पाणकणसाची पाने खोचली. उंची मी पाच फूट ठेवायला लावली, कारण माझी पाठ. मामा काही बोलले नाहीत. पहिल्याच सकाळी वारा सुटला आणि ते खोपट शिडासारखे फुगून आम्हांला थेट गाळात घेऊन गेले. गुडघाभर चिखलातून होडी ढकलताना मामा म्हणाले, "सर, पाठ वाकवायची की होडी उलटवायची, येवढंच ठरवा."

दुसरे खोपट तीन फुटांचे झाले. आत सतरंजीवर पालथे पडायचे. वरून ते पुरते झाकले, कारण बदकाचा वैरी आभाळातूनही येतो आणि डोक्यावरून जाणारा थवा उघड्या होडीतला माणूस लगेच हेरतो. पुढे वीतभर झरोका ठेवला; पण माझ्यामागून उजेड आला की डोके हललेले बाहेरून दिसे. शेवटी सौभाग्यवतींची एक काळी शाल पाठीमागे टांगली. (ती शाल माहेरची होती, हे मला नंतर कळले.) हिरवी पाने तीन दिवसांत पिवळी पडून वेगळी दिसू लागली, म्हणून सभोवतालच्या वाळल्या गवताच्या रंगाचे उसाचे पाचट लावले. मग होडी काठालगत खुंटाला बांधून आठ दिवस तशीच रिकामी ठेवली. पाखराला नव्या वस्तूचे भय असते; रोजच्या वस्तूचे नसते.

ही युक्ती आमची नव्हे. पूर्वी हिंदुस्थानात शिकारी रिकामी मडकी पाण्यावर तरंगत सोडीत. बदके त्यांना सरावली की एखादा भोके पाडलेले मडके स्वतःच्या डोक्यावर घेई, गळाभर पाण्यातून चालत थव्यात शिरे आणि पाय धरून बदक खाली ओढी. मडक्यावाल्याला घरापुरती बदके पुरत. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरे पडली. तो आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे.

नवव्या दिवशी आम्ही पहाटेच्या अंधारात आत शिरलो. बोटे बधिर झाली होती. उजाडण्याआधीच जवळून नाकातून काढल्यासारखी साद आली, आणि लगेच तिला उत्तर. उत्तर पैलतीरावरून नव्हे, शेजारूनच! तांबडे फुटले तेव्हा वीस पावलांवर दोघे उभे होते: अंग पिकल्या नारिंगाच्या रंगाचे, डोके फिकट, शेपूट काळे. मादी गाळात चोच खुपशीत होती आणि नर आमच्या पाचटाकडे पाहून न पाहिल्यासारखे करीत होता. मी श्वास रोखून पाहत राहिलो. मामा मात्र निवांत झोपले होते.

जानेवारीत एका रात्री मामा घरी आले. मोटारीतून कोणी गृहस्थ आले होते; एका रात्रीसाठी होडी हवी, खोपटासकट. पाच हजार देणार होते. सोबत काय आणणार हे त्यांनी सांगितले नाही आणि मामांनी विचारले नाही.

"खोपट तुमचं, होडी माझी. काय सांगू त्याला?"

मी १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून सुरुवात केली. मामांनी हात वर केला. "कायदा ठाऊक आहे, सर. पोरीची फी भरायची आहे."

ती फी आमच्याच कॉलेजची. माझे शब्द संपले. पैसे मी देऊ केले, तेव्हा ते चहा न घेता उठले.

दोन दिवसांनी भीत भीत काठावर गेलो. होडी उघडी होती, आत जाळे पडले होते. कामट्या मामांच्या दारी दोडक्याच्या मांडवाला लागल्या होत्या आणि गोणपाटावर शेळी बसली होती. "खोपटच नाही म्हटल्यावर तो गेला," मामा म्हणाले. "थंडीला परत बांधू. पण रोज संध्याकाळी सोडवून घरी आणायचं." काळी शाल त्यांनी घडी करून ठेवली होती. फी दोन हप्त्यांत भरली गेली. कशी, ते मी विचारले नाही.

मार्चमध्ये परीक्षा झाली. चक्रवाकावरचा प्रश्न मीच काढला होता. मुलीने लिहिले होते की ही जोडी रात्री विलग होते. आणि पुढे कंसात, बारीक अक्षरात: 'पुस्तकाप्रमाणे'.