‘म’चं वजन

एका वाचकाची मेल आली आणि तिने माझा आवडता विषय उकरून काढला.

या गृहस्थांचं गाव आमच्या इन्सुली गावाच्या शेजारचं, बिऱ्हाड गोरेगावात. गावच्या मंडळाचं गणपतीआधीचं बातमीपत्र तेच तयार करतात आणि चाकरमान्यांना मेलने पाठवतात. यंदा ते फोनवरही नीट दिसावं म्हणून त्यांनी कुठूनसा एक साचा उतरवून घेतला. पत्र फोनवर झकास बसलं. मग एकेकाचे फोन यायला लागले : ‘‘अर्धा पत्र खंय गेला?’’ भजनांच्या वेळा, बसची माहिती, वर्गणीचा क्यूआर कोड, सगळं शेवटी होतं आणि नेमकं तेच गायब. मंडळाचं बातमीपत्र आणि वर्गणीचा कोडच दिसत नाही, म्हणजे खजिनदाराची काय अवस्था झाली असेल!

पत्र कुठे गेलं नव्हतं. मेलचं एचटीएमएल साधारण १०२ केबीच्या वर गेलं की जीमेल उरलेलं दाखवत नाही. खाली संपूर्ण संदेश पाहण्याचा बारीकसा दुवा ठेवतं, आणि तो सहसा कोणी दाबत नाही. या गृहस्थांनी घाईघाईने फोटो काढून टाकले, पण फरक पडला नाही. पडणारही नव्हता. फोटो बाहेरच्या सर्व्हरवरून येतात, ते या हिशेबात धरलेच जात नाहीत. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गोव्याकडून आलेल्या गाडीत काय भरलंय ते बघतात. जीमेलच्या नाक्यावर आत काय आहे याची चौकशी नाही, नुसता काटा.

आणि या काट्यावर मराठी पत्र इंग्रजीपेक्षा जड भरतं. रोमन लिपीत ‘इन्सुली’ लिहायला सहा अक्षरं, म्हणजे सहा बाइट. देवनागरीत इ, न, हलन्त, स, उकार, ल, ईकार अशी सात चिन्हं, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट. झाले एकवीस.

हे तीन का, याची गोष्ट मला फार आवडते. १९९१च्या इस्की या भारतीय मानकात देवनागरीच्या एका चिन्हाला एकच बाइट पुरायचा. पुढच्याच वर्षी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदी चटईवर यूटीएफ-८ची मांडणी केली. त्या मांडणीत २०४७व्या क्रमांकापर्यंतच्या चिन्हांना जास्तीत जास्त दोन बाइट लागतात आणि तिथून पुढे तीन. ग्रीक, रशियन, हिब्रू, अरबी या लिप्यांची मूळ अक्षरं अलीकडे बसली. युनिकोडमध्ये देवनागरीची वस्ती सुरू होते २३०४पासून. अडीचशे घरांनी हुकली! यात कोणाचा दुष्टावा नाही. मांडणी अतिशय देखणी आहे. पण हळहळ वाटायची ती वाटतेच.

तरी तीन बाइट परवडले. या साच्याने प्रत्येक अक्षराचा आकडा करून ठेवला होता. म्हणजे ‘म’च्या जागी अँपरसँड, हॅश, २३५० आणि अर्धविराम : सात बाइट. इन्सुली एकोणपन्नासावर! पूर्वी मेल वाटेत कुठे बिघडेल याचा भरवसा नसे, तेव्हा ही युक्ती शहाणपणाची होती. आता ती नुसतं ओझं आहे. नुसत्या अक्षरांचाच हिशेब केला तर १०२ केबीत यूटीएफ-८ची सुमारे ३४,८०० चिन्हं मावतात, आकडे केले की जेमतेम १४,९००.

दुसरं ओझं फोनसाठी केलेल्या सोयीचं. साच्यात प्रत्येक बातमी दोनदा होती, एकदा रुंद पडद्यासाठी आणि एकदा फोनसाठी, आणि मीडिया क्वेरीने दोहोंपैकी एक झाकायची. डोळ्यांना एकच दिसते, काट्यावर दोन्ही चढतात. मला ही पद्धत इंग्रजीतही आवडत नाही, मराठीत तर ती चैन आहे. त्यापेक्षा मजकूर एकदाच लिहावा. दोन रकाने इनलाइन-ब्लॉक करून शेजारी ठेवावेत आणि प्रत्येकाला कमाल रुंदी द्यावी. अरुंद पडद्यावर दुसरा रकाना आपोआप खाली उतरतो, मीडिया क्वेरी लागतच नाही. जुन्या आउटलुकला ते समजत नाही, कारण २००७पासून तो मेल दाखवायला वर्डचं यंत्र वापरतो. त्याच्यापुरतं कंडिशनल कॉमेंटमध्ये एक टेबल घालावं. ते दोनचार ओळींचं, सगळा मजकूर दुप्पट करण्यापुढे काहीच नाही.

वजन उतरवायचं म्हणून काही जण मोकळ्या जागा आणि ओळी काढून सगळं एचटीएमएल एका लांब ओळीत कोंबतात. इथे मराठीवाल्याने जपायचं. ईमेलच्या नियमाप्रमाणे ओळ ९९८ बाइटपेक्षा लांब चालत नाही. ती तशीच पाठवली, तर वाटेतला एखादा सर्व्हर मध्येच तोडतो. इंग्रजीत फार तर शब्द तुटेल. आपल्याकडे तीन बाइटांचं एक चिन्हच फुटतं आणि परिच्छेदाच्या मधोमध प्रश्नचिन्हाच्या काळ्या चौकटी उगवतात. बेस६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल या एन्कोडिंगने पाठवलं की ओळी आपोआप आखूड होतात. बहुतेक सेवांमध्ये ही सोय असते, फक्त चालू आहे ना ते बघावं.

विषयाच्या ओळीचा नियम वेगळा, आरएफसी २०४७ मधला. (पुन्हा २०४७! निव्वळ योगायोग.) इंग्रजीबाहेरची अक्षरं तिथे पंचाहत्तर वर्णांच्या तुकड्यांत गुंडाळावी लागतात. वेष्टन वजा जाता बेस६४च्या एका तुकड्यात देवनागरीची पंधरा चिन्हं राहतात, आणि चिन्ह दोन तुकड्यांत फोडायला मनाई आहे. कच्चं सॉफ्टवेअर फोडतंच. एखाद्या मेलच्या विषयात मध्येच काळी चौकट दिसली, तर आधी इथे शोधा.

गोरेगावकरांचं पत्र आकडे काढल्यावर आणि दुहेरी बातम्या एकेरी केल्यावर कापलं जाईनासं झालं. फोटो परत घातले. क्यूआर कोड मात्र मी वर, पहिल्या बातमीच्या खाली आणायला सांगितला. त्याला मंडळाची अजून मंजुरी मिळालेली नाही. अध्यक्षांच्या मनोगताच्या आधी वर्गणी मागणं बरं दिसत नाही, असं मत पडलं आहे.