नदीच्या पाण्यातील सूक्ष्म जीवसृष्टी

उन्हाळ्यात एखाद्या पहाटे नदीच्या डोहातील मासे मरून पाण्यावर तरंगताना दिसतात. कोणी तरी पाण्यात विष कालविले, अशी चर्चा गावात सुरू होते. पुष्कळदा कारण निराळे असते. ते समजण्यासाठी सहसा नजरेस न पडणाऱ्या जलजीवांचा परिचय असावा लागतो.

प्रवाहाविरुद्ध पोहण्याचे बळ नसल्यामुळे पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या जीवांस प्लवक म्हणतात. हिरवी व नीलहरित शैवाले आणि वाळूच्याच द्रव्याचे पारदर्शक कवच असलेले डायाटम हे वनस्पतिप्लवक होत. सूर्यप्रकाशात ते अन्न तयार करतात व पाण्यात प्राणवायू सोडतात. रोटिफर, जलपिसू, सायक्लॉप्स हे प्राणिप्लवक होत. माशांची पिले त्यांवर वाढतात, लहान मासे मरळीसारख्या मोठ्या माशांचे भक्ष्य होतात, आणि खंड्या व बगळा त्याच साखळीवर जगतात. शिंपले तळाशी राहून पाणी गाळून प्लवक खातात. परंतु त्यांची पिले काही काळ माशांच्या कल्ल्यांस वा परांस चिकटून वाढतात. मासे नाहीसे झाले की शिंपल्यांचा वंशही खुंटतो.

पुणे व सोलापूर जिल्ह्यांतील शाळांस भीमा नदीचे उदाहरण जवळचे आहे. भीमाशंकर येथे उगम पावणारी ही नदी उष्ण प्रदेशातील असल्यामुळे हिवाळ्यात गोठत नाही. तिच्यातील जीवनक्रम मुख्यतः पावसावर चालतो. पुराच्या गढूळ पाण्यात प्रकाश खोलवर पोहोचत नाही व प्लवक वाहून जातात. पाऊस सरल्यावर पाणी निवळते, प्रवाह मंदावतो आणि प्लवकांची संख्या वाढते. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर नदीच्या मोठ्या भागाचे संथ जलाशयात रूपांतर झाले. वाहत्या पाण्यातील जीवांचे क्षेत्र तेथे आटले. मूळच्या आफ्रिकेतील चिलापी माशास मात्र ते पाणी मानवले.

मुळा-मुठेतून शहराचे सांडपाणी भीमेत येते. त्यातील नत्र व स्फुरद ही शैवालांची खतेच होत. संथ, उबदार पाण्यात शैवाले बेसुमार माजतात. दिवसा ती प्राणवायू सोडतात. रात्री मात्र श्वसनासाठी तोच वापरतात. मेलेली शैवाले कुजतानाही प्राणवायू खर्च होतो. म्हणून सूर्योदयापूर्वी त्याचे प्रमाण सर्वांत कमी होते आणि मासे गुदमरून मरतात. तथापि विषारी द्रव्यानेही मासे मरू शकतात. कारण निश्चित होईपर्यंत ते मासे खाऊ नयेत, ते पाणी वापरू नये व ग्रामपंचायतीस त्वरित कळवावे.

हा पाठ शिक्षकांनी नदीकाठी शिकवावा. तारेच्या कड्यावर मलमलीचे कापड बांधून त्यातून संथ पाण्याच्या दहा-बारा बादल्या ओताव्यात व कापडावर उरलेला गाळ काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावा. पेला उजेडात धरला असता उड्या घेणारे पांढुरके ठिपके दिसतात. त्या जलपिसवा व सायक्लॉप्स होत. साधे भिंगही येथे पुरेसे होते. नारूची पिले सायक्लॉप्सच्या शरीरात वाढत असल्यामुळे पूर्वी पायविहिरींचे पाणी गाळून पिण्यास सांगत असत. १९९६ नंतर भारतात नारूचा रुग्ण आढळला नाही व २००० मध्ये देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्या यशात गाळण्याच्या कापडाचाही वाटा आहे.

पाण्याचा रंग, वास, आढळलेले जीव व मासे यांची नोंद दरमहा वहीत करावी. विद्यार्थ्यांस गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ देऊ नये, पुराच्या वेळी व सांडपाण्याच्या ठिकाणी नेऊ नये, आणि नंतर हात साबणाने धुण्यास सांगावे. वर्षभरात ही वही गावच्या नदीचा इतिहास होईल. पुढे एखाद्या पहाटे मासे तरंगताना दिसले, तर अफवेपूर्वी ती वही उघडून पाहण्याची सवय मुलांस लागेल.