मांजराच्या मिशांना हात लावू नका

परीक्षा संपल्या की वस्तीत पोरांचे नवे नवे खेळ सुरू होतात. त्यातलाच एक खेळ म्हणजे घरातल्या मनीला धरायचं आणि कात्रीने तिची ‘कटिंग’ करायची. मोठी माणसंही हसून सोडून देतात. केसच ते, पुन्हा येतील, असं वाटतं. पण मांजर चावलेलं लेकरू दवाखान्यात आणल्यावर ड्रेसिंग करता करता विचारावं, “काय करत होतास रे बाळा?” तर कितीदा तरी उत्तर येतं, “मिशी ओढत होतो.” म्हणून ही मिशीची गोष्ट आरोग्याच्या पानावर सांगावी लागते.

मिशी कशासाठी असते?

रात्री लाईट गेली की आपण हात पुढे करून भिंत चाचपत काडेपेटी शोधतो. मांजराचे असे चाचपणारे हात म्हणजे त्याच्या मिशा. तोंडाच्या प्रत्येक बाजूला साधारण 12 मिशा चार ओळींत असतात. शिवाय डोळ्यांच्या वर, हनुवटीवर आणि पुढच्या पायांच्या मागच्या बाजूलाही असे राठ केस असतात. मिशीचं मूळ अंगावरच्या साध्या केसापेक्षा सुमारे तिप्पट खोल असतं आणि त्या मुळाभोवती नसांचं दाट जाळं असतं. मिशीला वारा लागला, भांड्याची कड लागली, तरी मांजराला लगेच कळतं.

मांजराला लांबचं हलणारं चांगलं दिसतं, पण नाकापुढचं फूटभराच्या आतलं नीट दिसत नाही. उंदीर तोंडात आला की तो कुठे वळवळतो हे त्याला मिशांवरूनच समजतं. पत्र्याच्या फटीतून अंग जाईल की नाही, याचा अंदाजही मिशाच देतात. मिशा कापलेलं मांजर बावरतं, वस्तूंना धडकतं, उडी चुकवतं. ज्वारीचं पोतं राखणारं मांजर आपणच असं अधू करून ठेवतो.

मिशी कापताना दुखत नाही, कारण केसात नस नसते. ओढली की मात्र मुळाशी कळ जाते. अशा वेळी मांजर चावतं, यात त्याचा दोष नाही. मिशा कापल्या म्हणजे मांजर घर सोडत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

मिशी कुठे कुठे खराब होते?

चूल आणि मेणबत्ती : थंडीत मांजर चुलीतल्या उबदार राखेत जाऊन झोपतं. सकाळी चूल पेटवण्याआधी आत वाकून बघा. वंदनेच्या वेळी लावलेली मेणबत्ती मांजर हुंगायला जातं आणि मिशा चरचर जळतात. ती उंचावर किंवा काचेच्या ग्लासात ठेवा. तोंड भाजलंच तर गार पाण्याने भिजवलेलं फडकं हलक्या हाताने ठेवा. टूथपेस्ट, शाई लावू नका. आपल्या घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही देऊ नका. त्या एका गोळीने मांजर मरू शकतं.

उंदराचा चिकट पुठ्ठा : यात मांजराचं तोंड अडकलं की आपण घाबरून ओढतो आणि मिशा मुळासकट निघतात. ओढू नका. खायचं तेल लावून चोळा, गोंद हळूहळू सुटेल. मग सौम्य साबणाने धुऊन काढा. रॉकेल, पेट्रोल, फिनेल वापरू नका. मांजर अंग चाटतं आणि ते विष पोटात जातं.

पाण्याचं भांडं : खोल, अरुंद तांब्यात तोंड घालताना मिशा दोन्ही बाजूंनी घासतात. काही मांजरांना ते सहन होत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पसरट ताटलीत पाणी ठेवा.

कातडीचा रोग : एखाददुसरी मिशी आपोआप गळते आणि नवी येते, त्याची काळजी नको. पिल्लाच्या मिशा आखूड दिसल्या तर कधी त्याच्या आईनेच कुरतडलेल्या असतात. पण बऱ्याच मिशा तुटल्या असतील आणि तोंडावर, कानावर गोल टक्कल पडलं असेल, तर ते गजकर्ण असू शकतं. ते लेकरांना लागतं. मांजराला अंथरुणात घेऊ नका आणि जनावरांच्या डॉक्टरला दाखवा.

कापलेल्या किंवा जळालेल्या मिशा साधारण दोन-तीन महिन्यांत पुन्हा वाढतात. तोपर्यंत मांजराला घरातच ठेवा आणि सामानाची जागा फार बदलू नका.

मांजर चावलं, बोचकारलं तर

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट भरू नका. घट्ट पट्टी बांधू नका. कुत्र्याप्रमाणेच मांजरापासूनही रेबीज होतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर माणूस सहसा वाचत नाही. म्हणून “घरचंच मांजर आहे” म्हणत थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. चामडीत द्यायच्या लसीचे चार डोस असतात : पहिला डोस तो 0 दिवस, मग 3, 7 आणि 28. रक्त आलं असेल तर जखमेभोवती वेगळं सीरमही द्यावं लागतं. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था ही मोठी सरकारी ठिकाणं आहेत. मजुरी बुडते म्हणून शेवटचा डोस चुकवू नका.

मांजरालाही तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्या. पुढच्या डोसची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्या. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे.

आज संध्याकाळी पोरांना जवळ बसवा. मनीच्या पाठीवरून हात फिरवायचा, मिशीला बोट लावायचं नाही, एवढं समजावून सांगा. आणि कात्री त्यांचा हात पोचणार नाही अशी ठेवा.